मूडबिद्रीची ताडपत्रे आणि सोलापूरचे शेठजी

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे श्रुतपंचमी. छत्रपती संभाजीनगरच्या राजाबाजारातील मंदिरात काय किंवा कचनेरच्या क्षेत्रावर काय, या दिवशी शास्त्रे कपाटातून बाहेर निघतात, त्यांची धूळ झटकली जाते, जुनी वेष्टने बदलून नवी बांधली जातात आणि जिनवाणीची पूजा होते. धरसेनाचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना जे ज्ञान दिले, ते षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध होऊन पूर्ण झाले ते याच तिथीला, अशी परंपरा आहे. जेथे षट्खंडागमाचे छापील खंड असतील तेथे तेही चौरंगावर मांडले जातात. सोळा जाड खंड, देवनागरी अक्षर, खाली हिंदी अनुवाद. ज्याला वाचायची इच्छा असेल त्याने पान उघडावे.

सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कोणत्याही जैन घरात या ग्रंथाची एक ओळही नव्हती. पंडितांना त्याचे नाव ठाऊक होते, नंतरच्या ग्रंथांतून त्याचे सार वाचलेले होते. मूळ ग्रंथ मात्र साऱ्या देशात एकाच ठिकाणी होता. कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत. तो तेथून बाहेर कसा आला, या कथेत राजे नाहीत, विद्यापीठे नाहीत आणि सरकारही नाही. मुंबईचा एक जव्हेरी, सोलापूरचा एक पेढीवाला, काही शास्त्री, काही लहिये आणि पंचांची एक अट, एवढ्यावर ती उभी आहे.

जव्हेरी म्हणजे शेठ माणिकचंद हिराचंद. जन्म १८५१ चा, सुरतचा, दिगंबर हुमड कुटुंबातला. घरची स्थिती बेताची. भावांबरोबर मुंबईस येऊन मोती ओवण्याचे काम शिकत शिकत त्यांनी ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी उभी केली आणि मोत्यांचा व्यापार युरोपपर्यंत नेला. मुंबईतील सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा, हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग, १९०२ मध्ये स्थापन झालेली तीर्थक्षेत्र कमिटी, या सर्वांमागे त्यांचाच हात होता. ‘दानवीर’ हे विशेषण आज इतके स्वस्त झाले आहे की, ते कोणाला लावावे याचाच संकोच वाटतो. माणिकचंदजींच्या नावामागे मात्र ते शोभते.

१८८३ च्या सुमारास माणिकचंदजी संघ घेऊन मूडबिद्रीच्या यात्रेस गेले. मूडबिद्रीस रत्नांच्या प्रतिमा आहेत. जव्हेऱ्याची नजर त्या प्रतिमांवर खिळून राहिली असती, तर नवल नव्हते. परंतु प्रतिमांच्या दर्शनानंतर धवलादी सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे दर्शनासाठी समोर आली तेव्हा शेठजींना वेगळेच काही दिसले. पत्रे जीर्ण झाली होती, कडा झिजल्या होत्या. हे ग्रंथ वाचू शकणारा कोणी आहे काय, असे त्यांनी पंचांना विचारले. उत्तराचा भावार्थ असा होता की, आम्ही यांचे दर्शन-पूजन करतो आणि त्यातच जन्म सफल मानतो. वाचणारे म्हणाल तर श्रवणबेळगोळला ब्रह्मसूरी शास्त्री आहेत.

या उत्तराला हसू नये. सातशे वर्षांच्या आसपास ती पत्रे ज्यांनी आक्रमणे, पावसाळे, वाळवी आणि गृहकलह यांतून जपली, त्यांच्याच वंशजांचे ते उत्तर होते. वाचणारे संपले तरी जपणारे उरले, म्हणून ग्रंथ उरला. ज्या गावी वाचणारे पुष्कळ होते आणि जपणारे नव्हते, त्या गावचे ग्रंथ आज कोठे आहेत?

परत आल्यावर माणिकचंदजींनी हा वृत्तांत सोलापूरचे आपले स्नेही शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविला. कथेचे खरे नायक येथे प्रवेश करतात.

हिराचंद नेमचंद हे नाव आज बहुतेकांना त्यांच्या पुत्रामुळे ठाऊक असते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, वालचंदनगर, बंगळूरचा विमान कारखाना हे सारे उभे करणारे वालचंद हिराचंद यांचे ते वडील. परंतु पुत्राच्या कीर्तीपूर्वीच पित्याचे कार्य सुरू झाले होते. गुजरातेतून व्यापारासाठी दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या हुमड घराण्यातील हा पुरुष दिवसा पेढी पाही आणि उरलेला वेळ शास्त्रस्वाध्यायात घालवी. १८८४-८५ च्या सुमारास त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले. मराठीतील जैन नियतकालिकांचा आरंभ तेथून धरला जातो.

त्या काळी जैन शास्त्र छापणे हे धाडसच होते. छापण्याची शाई कशाची, रुळावर चामडे आहे की काय, बांधणीचा सरस कोठून येतो, छापखान्यातले पान जमिनीवर पडले तर पायाखाली येणार नाही कशावरून, अशा शंका घेऊन अनेक श्रावक छापील शास्त्राला हातही लावीत नसत. कित्येक मंदिरांत छापील ग्रंथाला मज्जाव होता. विरोध करणारे सारे अडाणी होते असे मुळीच नव्हे. आशातनेचे भय खरे होते. हिराचंदजी आणि माणिकचंदजी यांनी या भयाशी वितंडवाद घालण्यापेक्षा दुसरा मार्ग धरला. हिराचंदजी लिहीत आणि छापीत राहिले; माणिकचंदजी छापून झालेल्या ग्रंथांच्या प्रती एकगठ्ठा विकत घेऊन मंदिरांना व पाठशाळांना विनामूल्य पाठवीत राहिले. पुस्तक घरात आले म्हणजे कोणीतरी ते उघडतोच.

माणिकचंदजींच्या निरोपानंतर लवकरच हिराचंदजी स्वतः मूडबिद्रीस निघाले. घरी वालचंद त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचे होते. जाताना त्यांनी ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेतले. हा व्यापाऱ्याचा विचार. माल पाहायचा तर पारखी सोबत हवा. शास्त्रीजींनी बसदीत धवलेचे मंगलाचरण वाचून दाखविले. ज्यांच्या पुढे पिढ्यान्पिढ्या ती पत्रे केवळ पूजेसाठी उघडली आणि मिटली गेली, त्यांच्या कानी त्या दिवशी त्यांतील शब्द पडले. प्रतिलिपी झालीच पाहिजे, हा निश्चय हिराचंदजींनी तेथेच केला.

त्यांनी काय ठरविले नाही, हेही पाहण्याजोगे आहे. त्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

त्याच शतकात न्यूयॉर्क शहरात जेम्स लेनॉक्स नावाचे गृहस्थ राहत होते. जन्म १८०० चा. वडील रॉबर्ट लेनॉक्स स्कॉटलंडहून आलेले मोठे व्यापारी. १८३९ मध्ये ते वारले तेव्हा पुत्राच्या वाट्याला अफाट संपत्ती आणि न्यूयॉर्कमधील विस्तीर्ण जमीन आली. जेम्स यांनी व्यापारातून अंग काढून घेतले, विवाह केला नाही आणि उरलेले आयुष्य ग्रंथसंग्रहात घालविले. १८४७ मध्ये लंडनच्या लिलावात त्यांच्यासाठी गुटेनबर्गचे बायबल घेतले गेले ते ५०० पौंडांना. इतकी किंमत ऐकून खुद्द लेनॉक्सही चपापले होते. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलेली ती त्या ग्रंथाची पहिली प्रत. त्यांच्या घरात खोल्याच्या खोल्या पुस्तकांनी भरल्या. ढीग इतके वाढले की, आपल्याजवळ असलेले पुस्तक शोधून काढणे मालकालाही जड जाई. संग्रह दाखविण्यास ते फारसे राजी नसत. पुढे १८७० मध्ये त्यांनी ग्रंथालयाची संस्था केली, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर १८७७ मध्ये भव्य इमारत उघडली, परंतु तेथेही प्रवेश मोजून-मापून मिळे. १८८० मध्ये ते वारले. १८९५ मध्ये त्यांचा संग्रह इतर दोन निधींशी एकत्र होऊन आजची न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी जन्मास आली, आणि एका माणसाच्या कपाटातील ग्रंथ शेवटी सर्वांचे झाले.

लेनॉक्स यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी घेतले नसते तर कित्येक ग्रंथ नष्टही झाले असते. श्रीमंत माणसाला ग्रंथाचा लोभ जडला की, तो सहसा हेच करतो. विकत घेतो, आपल्या घरी आणतो आणि मृत्यूनंतर समाजाला देतो. सोलापूर आणि मुंबईच्या शेठजींकडे पैसा होता. परंतु मूडबिद्रीची पत्रे विकाऊ नव्हती, आणि ती आपल्या घरी यावीत असे त्यांनाही वाटले नाही. पत्रे जेथे आहेत तेथेच राहावीत, मात्र त्यांची दुसरी प्रत व्हावी, एवढेच त्यांना हवे होते. ग्रंथाचा ताबा एकाकडे राहून त्याचा लाभ सर्वांना मिळू शकतो, ही कल्पना बँकेच्या व्यवहारात सोपी वाटते. ग्रंथांच्या बाबतीत ती त्या काळी सोपी नव्हती.

काम लगेच झाले नाही. मध्यंतरी अजमेरचे शेठ मूलचंद सोनी हेही पंडित गोपालदास बरैया यांच्यासह मूडबिद्रीस गेले होते. त्यांच्यासाठी ब्रह्मसूरी शास्त्रींनी प्रतिलिपीस आरंभही केला. परंतु तयार होणारी प्रत अजमेरला न्यावी अशी शेठजींची इच्छा, आणि ग्रंथ गावाबाहेर जाऊ नये असा पंचांचा आग्रह. काही श्लोक उतरून काम थांबले. ज्या अटीवर अजमेरचे काम अडले ती अट सोलापूर-मुंबईकरांनी मान्य केली. प्रतही मूडबिद्रीतच राहील. आपल्या पैशाने होणारी प्रत आपल्या हाती येणार नाही, हे ठाऊक असून त्यांनी वर्गणी जमविली आणि १८९६ मध्ये काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्रींबरोबर मिरजेचे गजपती शास्त्री नेमले गेले. ब्रह्मसूरी लवकरच निवर्तले. गजपती शास्त्री वर्षानुवर्षे लिहीत राहिले. धवला ७२,००० श्लोकप्रमाण, जयधवला ६०,०००, शिवाय महाबंध. जुन्या कन्नडातून देवनागरीत उतरवायचे, तेही पत्र तुटणार नाही अशा बेताने. देवनागरी आणि कन्नड दोन्ही प्रती पुऱ्या होण्यास १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे आणि सुमारे वीस हजार रुपये! माणिकचंदजी १९१४ मध्येच निवर्तले होते.

दरम्यान एक गोष्ट घडली होती. गजपती शास्त्रींनी मूडबिद्रीत काम करीत असताना आपल्या घरी गुपचूप एक कन्नड प्रत तयार केली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई विदुषी होत्या. त्यांचे या कामी साहाय्य होते. दिवसा पंचांसमोर अधिकृत लेखन, आणि घरी पती-पत्नीचे हे दुसरे लेखन. ती प्रत घेऊन शास्त्रीजी सोलापूरला हिराचंदजींकडे आले आणि योग्य मोबदला देऊन ती ठेवून घ्यावी, अशी विनंती त्यांनी केली.

ज्या ग्रंथासाठी हिराचंदजींनी तारुण्यापासून ध्यास घेतला होता, तो बासनात बांधून त्यांच्या दाराशी आला होता. नकार देण्याचे कारण कोणी विचारले नसते. पंच दूर होते. प्रत खरी होती. पैसा होता. शिवाय समाजहित हे कारण तर असे आहे की, त्याखाली काहीही झाकता येते. हिराचंदजींनी प्रत घेतली नाही. पंचांना दिलेला शब्द मोडून, चोरून झालेली वस्तू घेणे नीतीला धरून नाही, असे त्यांनी सांगितले. इतकेच नव्हे तर माणिकचंदजींनाही, ही प्रत आपणाकडे आली तरी ठेवू नये, असे लिहून कळविले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ हा एक अतिचार सांगितला आहे: चोरून आणलेली वस्तू घेणे. आपण चोरी केली नाही, करविली नाही, तरी स्वस्तात आला म्हणून किंवा हवाच होता म्हणून माल घेतला, तर व्रताला डाग लागतो. व्यापारी घरांत हा अतिचार पाठशाळेतच पाठ होतो आणि बाजारात बहुधा विसरला जातो. सोने, कापड, धान्य यांच्याबाबतीत तो पाळणारे पुष्कळ भेटतील. शास्त्राच्या बाबतीत, तेही धर्मप्रभावनेच्या नावाखाली, तो पाळणारा विरळा.

गजपती शास्त्री ती प्रत घेऊन पुढे उत्तरेत गेले. सहारनपूरचे रईस लाला जंबूप्रसाद यांनी ती स्वीकारून आपल्या मंदिरात विराजमान केली. तेथे पंडित विजयचंद्रय्या कन्नड वाचीत आणि पंडित सीताराम शास्त्री देवनागरीत लिहीत, अशी तिची देवनागरी प्रत सिद्ध झाली. आणि सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक प्रत राखली! त्या प्रतीवरून प्रती होत होत आरा, सागर, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी सिद्धांतग्रंथ पोचले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी या प्रती समोर ठेवून संपादन आरंभिले. विदिशाचे शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी निधी दिला, आणि १९३९ मध्ये धवलासहित षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

येथे हिशेबनीस थबकतो. हिराचंदजींनी जी प्रत नाकारली, तीच जर सगळ्यांनी नाकारली असती, तर १९३९ चा खंड निघाला नसता. अधिकृत प्रत मूडबिद्रीत कुलुपात होती. म्हणजे ग्रंथ जगापुढे आला तो नियम मोडणाऱ्यांच्या हातून, नियम पाळणाऱ्यांच्या नव्हे. मग हिराचंदजींचे चुकले काय? गजपती शास्त्रींना चोर म्हणावे की उपकारकर्ते? एकाच रकमेची नोंद जमेस आणि नावे दोन्हीकडे पडावी, असा हा प्रसंग आहे, आणि तो जुळवून टाकण्याची घाई करू नये. मात्र एक विसरता येत नाही: सोलापूर-मुंबईकरांनी १८९६ मध्ये पंचांची अट मान्य केली नसती, तर गजपती शास्त्री त्या पत्रांसमोर बसलेच नसते. आणि अट पाळल्याचे फळ पुढे आणखी एका ठिकाणी दिसले. पहिले खंड प्रसिद्ध झाल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची मुभा दिली. ग्रंथ चोरीस गेला म्हणून ते दार कायमचे बंद करू शकले असते. त्यांनी ते उघडले.

ते उघडल्याने काय साधले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रात एक शब्द सुटला असावा, अशी शंका संपादकांनी टीपेत नोंदविली होती. सहारनपूरकडून आलेल्या प्रतींत तो नव्हता. ताडपत्र पाहिले तेव्हा तो शब्द तेथे होता. एका शब्दावरून विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. पण शब्द आहे की नाही, हा प्रश्न ताडपत्रानेच सोडविला. प्रतीची प्रत, तिची प्रत, असे करताना अक्षरे गळतात. म्हणून मूळ जपणारेही हवेत आणि उतरविणारेही.

मराठवाड्यातील वाचकांना या ग्रंथाचे आणखी एक नाते ठाऊक असावे. वीरसेनाचार्यांनी धवला पूर्ण केली शके ७३८ मध्ये, म्हणजे इसवी सन ८१६ मध्ये, राष्ट्रकूटांच्या राजवटीत. त्याच राजवटीच्या छायेत वेरूळची इंद्रसभा आणि तिच्या शेजारची जैन लेणी कोरली गेली. छत्रपती संभाजीनगरहून तासाभरात तेथे पोचता येते. शिल्प डोंगरात होते म्हणून टिकले. शब्द ताडाच्या पानावर होते, त्यांना माणसांची गरज पडली. महाबंधाच्या ताडपत्रांतील काही भाग किडीने नष्ट झाल्याचे कळल्यावर १९४० च्या दशकात आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्याचे काम झाले, आणि ते ताम्रपट फलटणला ठेवले गेले.

दोन्ही शेठजींच्या घरची आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. माणिकचंदजींची कन्या मगनबाई आणि हिराचंदजींची कन्या कंकुबाई या दोघींनीही शास्त्राध्ययन केले आणि आयुष्य श्राविकांच्या शिक्षणासाठी वेचले. मुलींच्या हाती ग्रंथ देण्यास त्या काळी किती घरे तयार होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. माणिकचंदजींच्या पश्चात त्यांच्या स्मरणार्थ ‘माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. पंडित नाथुराम प्रेमी यांनी ती सांभाळली, आणि तिचे ग्रंथ छपाईच्या खर्चाइतक्याच किमतीस विकले जात.

सोलापुरात ही परंपरा ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी पुढे नेली. आपली संपत्ती ग्रंथप्रकाशनाच्या कामी देऊन त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली. त्या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेस डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन असे संपादक लाभले. अमरावतीची षट्खंडागमाची आवृत्ती सोळाव्या खंडानिशी पूर्ण होऊन पुढे दुर्मीळ झाली, तेव्हा दुसरी आवृत्ती काढण्याचे काम याच संघाने हाती घेतले, आणि १९७३ पासून ते खंड सोलापुरातून निघू लागले. ज्या सोलापूरच्या पेढीवरून ती प्रत एकदा परत गेली होती, त्याच सोलापुरातल्या फलटण गल्लीत तो ग्रंथ आता कोणाही श्रावकाने किंमत भरावी, पावती घ्यावी आणि उघडपणे हातात घेऊन घरी जावे, असा विक्रीस ठेवला गेला.